चेंबर रीमर

चेंबर रीमर हे रायफलीच्या नळीच्या मागील टोकाशी काडतूस बसण्याची पोकळी अचूक आकारात कापण्याचे अवजार आहे. या पोकळीला चेंबर म्हणतात. आधीच पाडलेले छिद्र किंचित मोठे, गोल व गुळगुळीत करणे हे कोणत्याही रीमरचे काम असते. नरडाणा येथील औद्योगिक वसाहतीत किंवा आयटीआयच्या फिटर-टर्नर वर्गात दिसणारा साधा रीमर सरळ भोकासाठी असतो. चेंबर रीमरला मात्र विशिष्ट काडतुसाचीच आकृती दिलेली असते, म्हणून एक रीमर एकाच जातीच्या काडतुसाला उपयोगी पडतो. दूर पल्ल्याच्या नेमबाजीसाठी रायफल तयार करताना या अवजाराची निवड नळीच्या निवडीइतकीच महत्त्वाची मानली जाते.

काडतूस आणि चेंबर

काडतुसाचे चार भाग असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी, आतील दारू आणि तोंडाशी धरलेली गोळी. टोपीवर आघात होताच दारू पेटते व वायूचा दाब क्षणार्धात वाढतो. .३०८ विंचेस्टर या प्रचलित काडतुसासाठी युरोपीय मानकानुसार कमाल दाब ४,१५० बार आहे. तो मोटारीच्या टायरमधील दाबाच्या सुमारे दोन हजार पट भरतो. एवढा दाब पातळ पितळ एकटे पेलू शकत नाही. पुंगळी फुगून चेंबरच्या पोलादी भिंतीला चिकटते, वायू मागे येऊ देत नाही आणि दाब ओसरताच थोडी आकसून बाहेर निघते. चेंबर सैल असेल तर पितळ ताणले जाऊन फाटते आणि तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. ते फार घट्ट असेल तर काडतूस पूर्ण आत जात नाही किंवा दाब मर्यादेबाहेर जातो.

काडतूस आणि चेंबर यांची मापे म्हणूनच जोडीने ठरवली जातात. अमेरिकेत हे काम १९२६ मध्ये स्थापन झालेली ‘सामी’ ही उत्पादकांची संस्था करते. युरोपात १९१४ पासून ‘सी.आय.पी.’ हा आंतरराष्ट्रीय आयोग करतो. जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा आयुध निर्माणी कारखाना १९६४ पासून लहान शस्त्रांची काडतुसे बनवतो. तेथे तयार झालेले काडतूस दूरच्या चौकीवरील रायफलीत सहज बसते, ते दोन्ही बाजूंनी या मापांची शिस्त पाळली जाते म्हणूनच.

रीमरची रचना

रीमरच्या टोकाला पायलट नावाचा गुळगुळीत दंडगोल असतो. तो नळीच्या छिद्रात शिरून मागील धारांना मध्यावर ठेवतो. काही रीमरांत पायलट अवजाराशी एकसंध असतो, तर काहींत बदलता येण्याजोगी बुश असते. प्रत्येक नळीचे छिद्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने वेगळे असू शकते, त्यामुळे अचूकतेच्या कामात बदलती बुश पसंत केली जाते. पायलटमागे अनुक्रमे कंठ, मान, खांदा आणि धड कापणाऱ्या धारा असतात. जास्तीचा धातू आधी काढून टाकणारा रफिंग रीमर आणि अंतिम माप देणारा फिनिशिंग रीमर असे दोन प्रकार आहेत. एखाद-दुसरी नळी करायची असेल तर फिनिशिंग रीमर पुरतो. हायस्पीड पोलादाचा रीमर स्वस्त पडतो. कार्बाइडचा अधिक टिकतो, पण ठिसूळ असतो आणि त्याचा खर्च बहुधा कारखान्यालाच परवडतो.

प्रत्येक वेळी धार लावल्यावर रीमर अंशभर बारीक होतो. त्यामुळे मोठ्या उत्पादनासाठी तो अनुज्ञेय मापाच्या वरच्या टोकाजवळ घडवतात, म्हणजे अनेकदा धार लावूनही तो मर्यादेत राहतो. नेमबाजीच्या स्पर्धांसाठीचा ‘मॅच’ रीमर खालच्या टोकाजवळ घडवलेला असतो. एकाच काडतुसासाठीचे दोन रीमर वेगळे असण्याचे हे एक कारण होय. दुसरे व अधिक मोठे कारण कंठात आहे.

कंठाची निवड

चेंबर संपल्यानंतर आणि नळीतील सर्पिल खाचा सुरू होण्यापूर्वीचा भाग म्हणजे कंठ. त्यातील खाचा नसलेल्या सरळ तुकड्याला फ्रीबोअर म्हणतात. पुंगळीतून सुटलेली गोळी प्रथम येथून जाते. येथे ती तिरकी झाली तर तिरकीच खाचांत शिरते, आणि जवळच्या लक्ष्यावर न जाणवणारी ही चूक हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, स्पष्ट दिसते. सामीच्या मापांनुसार .३०८ विंचेस्टरचा फ्रीबोअर गोळीपेक्षा सुमारे ०.०५ मिलिमीटर रुंद आहे. २००७ मध्ये आलेल्या ६.५ क्रीडमोरमध्ये हीच फट ०.०१३ मिलिमीटरच्या आसपास आहे. साध्या कारखानी रायफलींतही या काडतुसाने अचूकतेचे नाव कमावले, त्यात या घट्ट कंठाचा वाटा मोठा आहे.

फ्रीबोअरची लांबी गोळीवर अवलंबून असते. दूर पल्ल्याच्या गोळ्या हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून लांब व निमुळत्या असतात. कंठ आखूड असेल तर अशी गोळी पुंगळीत खोल दाबावी लागते आणि दारूची जागा घटते. तो फार लांब असेल तर हलकी गोळी खाचांपर्यंत पोचण्याआधी बरेच अंतर मोकळी धावते. त्यामुळे अनुभवी कारागीर आधी गोळी ठरवतात व मग रीमर मागवतात. उलट क्रमाने गेल्यास रीमरच गोळी ठरवतो. शिवाय तप्त वायूंमुळे कंठ झिजत पुढे सरकतो, त्यामुळे नव्या नळीत तो किंचित आखूड ठेवण्याची प्रथा आहे.

५.५६ नाटो आणि .२२३ रेमिंग्टन ही काडतुसे बाहेरून जवळपास सारखी आहेत. परंतु सैनिकी चेंबरचा कंठ लांब असतो. सैनिकी काडतूस .२२३ च्या आखूड कंठात उडवल्यास दाब वाढतो. दोन्ही काडतुसे चालावीत म्हणून ‘.२२३ वाइल्ड’ हे मधले चेंबर अस्तित्वात आले. नावेही फसवी असतात. .३०३ हा आकडा नळीच्या छिद्राचे माप सांगतो, तर .३०८ हा गोळीचे; .३०३ ची गोळी प्रत्यक्षात .३०८ च्या गोळीहून जाड आहे. केवळ नाव वाचून रीमर निवडणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

अधिक घट्ट म्हणजे अधिक चांगले?

नवख्यांचा समज तसा असतो. ली-एनफिल्ड .३०३ च्या सैनिकी चेंबरांत मुद्दाम सैलपणा ठेवलेला असे, कारण खंदकातील चिखल लागलेले काडतूसही आत जायला हवे होते; त्याची किंमत पुंगळ्या ताणल्या जाण्यात मोजावी लागे. १९६२ च्या युद्धानंतर इशापूरच्या कारखान्याने याच घाटाची रायफल ७.६२ नाटो काडतुसासाठी तयार केली, तेव्हा चेंबर तर बदललेच, पण वाढलेल्या दाबासाठी पोलादही अधिक बळकट वापरले. नेमबाजीच्या चेंबरात याउलट मान घट्ट ठेवतात. पण मान इतकी घट्ट झाली की पितळाला फुगून गोळी सोडायला जागा उरत नाही, तर दाब धोकादायक होतो. अशा चेंबरसाठी प्रत्येक पुंगळीची मान कातून पातळ करावी लागते. हा उद्योग बेंचवर बसून खेळणाऱ्यांना मानवतो. बाजारातील तयार काडतूस वापरणाऱ्याने मानक मापाचाच रीमर निवडावा, हे मत सर्वसामान्यपणे मान्य आहे.

चेंबरची खोली गेजने तपासतात. .३०८ साठी ‘गो’ गेज १.६३० इंचांचा व ‘नो-गो’ गेज १.६३४ इंचांचा असतो. पहिल्यावर बोल्ट बंद व्हावा, दुसऱ्यावर होऊ नये. दोहोंतील फरक साधारण एका जाडसर कागदाएवढा आहे. रीमर आणि गेज एकाच मानकाचे असणे आवश्यक असते.

भारतातील स्थिती

अमेरिकेत कोरी नळी विकत घेऊन व रीमर भाड्याने आणून घरच्या लेथवर रायफल जुळवणारे हौशी लोक बरेच आहेत. भारतात हा छंद कायद्याच्या चौकटीत बसत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार अग्निशस्त्र बनवणे, त्यात बदल करणे, त्याची दुरुस्ती किंवा चाचणी करणे यांसाठी परवाना लागतो. ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत शस्त्रांचे सुटे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीस किमान सात वर्षे ते आजन्म कारावासाची तरतूद आहे. ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल प्रकारात कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस येथे कांस्यपदक मिळवले. या प्रकारातील .२२ च्या रायफली परवानाधारक उत्पादकांनीच तयार केलेल्या असतात. त्यांच्या चेंबरात गोळीचे टोक खाचांना स्पर्श करील इतका आखूड कंठ ठेवतात.

सातपुड्याच्या सीमाभागातून येणारे गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या खानदेशातील वृत्तपत्रांत वारंवार येतात. अशा हत्यारात बहुधा मिळेल तो पाइप नळी म्हणून वापरलेला असतो आणि चेंबर कोणत्याही मानकाला धरून नसते. कारखान्यात बनलेले काडतूस त्यात घातल्यास पुंगळीला आधार मिळत नाही आणि हत्यार चालवणाऱ्याच्याच हातात फुटू शकते.