रेघोट्यांची वही

बालमित्रांनो, आधी एक गंमत करू या. डोळे मिटा आणि एकेरी जास्वंदीचे फूल आठवा. रोज दारात फुलते, गणपतीला आपण तेच वाहतो. सांगा पाहू, पाकळ्या किती?

माझ्या चौथीच्या वर्गात मी हेच विचारले. कुणी म्हणाले चार, कुणी सहा. एकाने तर आठ काढून दाखवल्या! मग मी प्रत्येक बाकावर एकेक फूल ठेवले आणि म्हटले, "आता बघून काढा." वर्ग अगदी चिडीचूप! थोड्या वेळाने आवाज आला, "बाई, पाचच आहेत की हो! आणि मधल्या दांडीच्या टोकाला पाच ठिपके पण आहेत!"

चित्रवहीचा मोठा फायदा हाच. ती आपल्याला नीट बघायला लावते. एरवी चित्र म्हटले की आपण दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी नि झोपडी काढून मोकळे होतो. ते पाठच असते! चित्रवहीत मात्र समोर दिसेल तेच काढायचे.

मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही हेच केले. १६०९ साली गॅलिलिओने दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि त्याची चित्रे काढली. उजेड आणि सावली कुठे पडते हे त्याने बारकाईने टिपले. त्यावरूनच त्याने सांगितले, की चंद्र गुळगुळीत नाही, तिथेही डोंगर-दऱ्या आहेत.

आता माझ्या वर्गातली एक गोष्ट सांगते. एका मुलाची निबंधाची वही कायम कोरी असायची. मी त्याच्यावर खूप रागवायची. एकदा त्याच्या चित्रवहीत आईचे शिलाई मशीन दिसले. चाक, पट्टा, रीळ, सुई, सगळे जिथल्या तिथे! मी विचारले, "हे काय रे?" तो भराभरा सांगू लागला. मी म्हटले, "मग ही नावे बाजूला लिही की." आधी नावे आली, मग वाक्ये आली. वर्ष संपताना त्याने आईवर पानभर निबंध लिहिला. त्याच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ होते. मीच इतके दिवस फक्त कोरे पान पाहत होते.

तर मग आजच सुरुवात करा. महागडी वही नको. जुन्या वह्यांची कोरी पाने शिवून घेतली तरी चालतील. रोज दहा मिनिटे एकच वस्तू काढा: आजोबांची चप्पल, पाटा-वरवंटा, खिडकीतला कावळा. खाली तारीख घाला आणि काय नवीन दिसले ते एका ओळीत लिहा. खोडरबर दूर ठेवा. चित्र बिघडले तरी पान फाडू नका. सहा महिन्यांनी पहिले पान उघडाल, तेव्हा आपण किती पुढे आलो ते तुमचे तुम्हालाच कळेल.

आणि आई-बाबांनो, तुम्हाला एक विनंती. "अभ्यास सोडून रेघोट्या काय ओढतोस?" असे म्हणू नका. शेजारच्या मुलाच्या चित्राशी तुलनाही नको. वही हातात घ्या आणि एवढेच विचारा, "हे काय काढलेस, सांग बरं मला." मग तुम्ही फक्त ऐका.

मुलांनो, उद्या सकाळी जास्वंद तोडण्याआधी तिच्यासमोर दहा मिनिटे बसाल ना?