वाटून घेतलेला श्वास

नातवंडांच्या बँड महोत्सवात ज्येष्ठांनी काय ऐकावे, कसे ऐकावे आणि घरी काय घेऊन यावे

मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेत गेलेल्या आजी-आजोबांना वसंत ऋतूत एक आमंत्रण हमखास येते. नातीच्या शाळेचा बँड महोत्सव असतो आणि तिची इच्छा असते, की आजी-आजोबांनी यावे. ‘बँड’ म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर लग्नाची वरात उभी राहते. दोन-तीन तास एका जागी बसायचे, तेही अशा आवाजात, या कल्पनेनेच आपण म्हणता, “तुम्ही जाऊन या, आम्ही घरीच बरे.”

तो विचार आपण बदलावा, एवढ्यासाठी हा लेख. या कार्यक्रमात श्वासाविषयी जे ऐकायला आणि पाहायला मिळते, ते सत्तरीतल्या माणसाच्या उपयोगाचे आहे, आणि त्याचा सांभाळ करणाऱ्याच्या तर त्याहूनही अधिक.

महोत्सव कसा असतो?

अमेरिकेतील बहुतेक शाळांत बँड हा वेळापत्रकातील विषय असतो. दहा-बारा वर्षांची मुले क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रोम्बोन यांपैकी एखादे वाद्य निवडतात आणि ते शाळेतच शिकतात. शालेय बँडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1923 साली शिकागो येथे झाली. तेव्हापासून ही परंपरा देशभर पसरली. आजच्या महोत्सवांत बहुधा पहिला-दुसरा क्रमांक नसतो. प्रत्येक बँडला ठरावीक निकषांवर श्रेणी मिळते. परीक्षक वादन ऐकता ऐकताच आपले अभिप्राय ध्वनिमुद्रित करतात आणि ते नंतर मुलांना ऐकवले जातात. अनेक राज्यांत आणखी एक कसोटी असते: मुलांना पूर्वी कधीही न पाहिलेले स्वरलेखन देतात आणि काही मिनिटे ते वाचून लगेच वाजवायला सांगतात.

शाळेचा बँड वाजत असताना एक गोष्ट आवर्जून पाहा. एखादा सूर दीर्घकाळ अखंड चालू असतो. पण इतका लांब श्वास त्या मुलांपैकी कोणाकडेच नसतो. मग सूर तुटत कसा नाही? शिक्षकांनी त्यांना एक साधा नियम शिकवलेला असतो: शेजारी श्वास घेत असेल, तेव्हा आपण घ्यायचा नाही. एकाने हळूच थांबावे, श्वास भरून घ्यावा आणि पुन्हा अलगद सुरात मिसळावे. तोवर इतरांनी सूर धरून ठेवावा. आपल्या भजनी मंडळातही हेच घडते. एकाचा दम संपतो, तेव्हा दुसऱ्याने ओळ उचललेली असते. या नियमाकडे आपण लेखाच्या शेवटी पुन्हा येऊ.

विद्यापीठाचा वृंद मंचावर येतो

असे महोत्सव अनेकदा एखाद्या विद्यापीठाच्या सभागृहात भरतात आणि त्या दिवसाचा मानाचा कार्यक्रम असतो यजमान विद्यापीठाच्या वाद्यवृंदाचा. हे वादन स्पर्धेसाठी नसते. सकाळपासून मंचावर घाबरत वाजवणारी मुले आता प्रेक्षागृहात बसतात आणि आपल्याच हातातले वाद्य मोठ्या माणसांच्या हाती कसे बोलते, ते ऐकतात. समोरचे वादक विशीच्या आसपासचे विद्यार्थी असतात. त्यांतील कित्येक जण पुढे शाळांतून संगीतशिक्षक होणार असतात.

आपल्या शास्त्रात फुंकून वाजवण्याच्या वाद्यांना सुषिर वाद्ये म्हणतात. बासरी, सनई, शंख ही सारी त्याच कुळातली. विद्यापीठाचा हा वृंद मुख्यत्वे सुषिर वाद्यांचाच असतो; त्यांच्या जोडीला तालवाद्ये असतात. त्याला आजचे रूप आले ते 1952 साली, न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात. तेथील ईस्टमन संगीत विद्यालयात फ्रेडरिक फेनेल यांनी एक छोटा वृंद उभारला. मोठ्या बँडमध्ये एकच स्वरपंक्ती दहा-बारा जण वाजवत. फेनेल यांनी बहुतेक पंक्तींसाठी एकेकच वादक ठेवला. त्यामुळे प्रत्येक वाद्याचा रंग स्वच्छ ऐकू येऊ लागला. त्याच वेळी प्रत्येकावरची जबाबदारीही वाढली, कारण आता आपला श्वास संपला तर सूर धरायला शेजारी कोणी नाही.

एका वृद्धाचा आवाज

अशा वृंदांच्या कार्यक्रमांत वारंवार आढळणारी एक रचना म्हणजे पर्सी ग्रेंजर यांची ‘लिंकनशायर पोझी’. तिची कथा ज्येष्ठांनी मुद्दाम जाणून घ्यावी अशी आहे.

1905 साली इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यातील ब्रिग या गावी एक संगीत स्पर्धा झाली. तीत लोकगीत गाऊन पहिले बक्षीस मिळवणारे गृहस्थ होते जोसेफ टेलर. त्यांनी तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती. ग्रेंजर त्या आवाजाने इतके भारावले, की पुढच्याच वर्षी मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनी टिपणारे यंत्र घेऊन ते त्या भागात पुन्हा गेले आणि टेलर यांच्यासह अनेक वृद्ध गायकांची गाणी त्यांनी टिपून घेतली. 1908 मध्ये टेलर यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. 1910 साली ते वारले.

ग्रेंजर यांनी जपले ते गाण्यांच्या चालींहूनही अधिक होते. गायक कोठे थबकला, कोणता सूर त्याने लांबवला, ताल सोडून तो कोठे मोकळा झाला, हे सारे त्यांनी बारकाईने लिहून ठेवले. इतर संग्राहकांना जे दोष वाटले असते, ते त्यांना त्या माणसाचे व्यक्तिमत्त्व वाटले. पुढे 1937 साली त्यांनी या गाण्यांवरून सुषिर वाद्यांसाठी सहा भागांची रचना सिद्ध केली. तिचा प्रत्येक भाग म्हणजे एकेका गायकाचे स्वरचित्र आहे. टेलर यांनी गायलेले शिकाऱ्यांचे गीत तिच्या तिसऱ्या भागात आहे.

सभागृहात बसून ही रचना ऐकताना ही साखळी मनात आणा. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा श्वास विशीतले विद्यार्थी वाजवत आहेत आणि बारा वर्षांची मुले तो ऐकत आहेत. म्हणूनच आपल्याला पाठ असलेली ओवी, आरती किंवा पाळणा आपल्याच आवाजात, अडखळत का होईना, नातवंडांच्या फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. आवाज कापतो म्हणून संकोच करू नका.

आपल्या छातीत काय चालले आहे?

वाढत्या वयात फुप्फुसांची लवचिकता कमी होते, छातीचा पिंजरा ताठर होतो आणि श्वासाचे स्नायू दुबळे होतात. पहिल्या एका सेकंदात जोराने बाहेर टाकता येणारी हवा निरोगी माणसातही तिशीनंतर दरवर्षी साधारण 25 ते 30 मिलिलिटरने घटते. उच्छ्वासानंतर आत उरणारी शिळी हवा मात्र वाढते. त्यामुळे जिना चढताना बोलणे थांबते आणि भजनाची ओळ मध्येच तुटते.

सुषिर वाद्ये वाजवल्याने फुप्फुसे मोठी होतात, हा समज बरोबर नाही. वादक कमावतो ते उच्छ्वासावरचे नियंत्रण. तो श्वास पोटातून भरून घेतो आणि किंचित आवळलेल्या ओठांतून सावकाश, सारख्या गतीने सोडतो. दम्यासारख्या दीर्घ श्वसनविकारांच्या रुग्णांना शिकवला जाणारा व्यायाम याच तत्त्वावर आधारलेला आहे. तो असा करावा:

ताठ पण सैल बसा. खांदे खाली सोडा, एक हात पोटावर ठेवा. तोंड मिटून नाकाने दोन अंक मोजेपर्यंत श्वास घ्या. मग ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालावी तसा, चार अंक मोजेपर्यंत श्वास सोडा. जोर लावू नका. चहा निवला पाहिजे, सांडता कामा नये. असे पाच-सहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा करा. चक्कर आल्यासारखे वाटल्यास थांबा. ओठ आवळल्यामुळे श्वासनलिकांत थोडा दाब टिकतो, त्या लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते.

वाद्यच शिकावेसे वाटले, तर वय आड येत नाही. त्याच ईस्टमन विद्यालयात 1991 साली रॉय अर्न्स्ट यांनी पन्नाशीपुढील नवशिक्यांसाठी बँड सुरू केला. ज्यांनी आयुष्यात कधी वाद्य हाती धरले नव्हते, असे निवृत्त लोक तेथे आले आणि आज असे बँड अनेक गावांत आहेत. आपल्याकडे माउथ ऑर्गन स्वस्त आणि हलका. तो श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा वाजतो.

सावधगिरी मात्र हवी. काचबिंदू असल्यास ट्रम्पेट किंवा ओबोसारखी जोर लावून फुंकायची वाद्ये डोळ्यांतील दाब वाढवू शकतात. हर्निया, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. वाद्य दुसऱ्याच्या तोंडचे घेऊ नका आणि प्रत्येक वेळी कोरडे करून ठेवा. ओल्या वाद्यात वाढलेल्या बुरशीमुळे फुप्फुसांना सूज आल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

सभागृहात जाताना

आसन मध्यभागी किंवा त्यामागे, कडेच्या वाटेलगत घ्या. ट्रम्पेट आणि मोठे ढोल यांच्या अगदी समोर बसू नका. 85 डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत सहन करावा, असा कामाच्या ठिकाणांसाठी अमेरिकेतील शिफारशीचा निकष आहे. पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे 94 डेसिबलला ती अवघी एक तास उरते. उतारवयात कान विचित्र वागतात: हळू बोललेले कळत नाही आणि मोठा आवाज एकदम असह्य होतो. म्हणून मऊ कानबोळे जवळ ठेवा. श्रवणयंत्र असल्यास त्यात संगीतासाठी वेगळी जुळणी होते का, हे तज्ज्ञांना आधीच विचारा.

सभागृह थंड असते, शाल घ्या. बसल्या बसल्या घोटे फिरवा आणि दोन बँडांच्या मधल्या वेळेत उठून चार पावले चाला. रचना चालू असताना दारे बंद ठेवण्याची रीत आहे, म्हणून स्वच्छतागृहात आधीच जाऊन या. दिवसभर बसणे झेपणार नसेल, तर वेळापत्रक पाहून नातीच्या शाळेचे आणि विद्यापीठाच्या वृंदाचे, एवढी दोनच वादने ऐका. सोबतच्या व्यक्तीला स्मृतिभ्रंश असेल, तर अचानक आदळणाऱ्या झांजांनी ती दचकू शकते. हात हातात ठेवा आणि अस्वस्थता दिसताच रचना संपल्यावर बाहेर या.

सांभाळ करणाऱ्यांसाठी

आता त्या नियमाकडे वळू. अनेक घरांत आजारी माणसाचा सांभाळ एकच व्यक्ती करते: सून, मुलगी किंवा स्वतःच सत्तरीतली पत्नी. औषधे, जेवण, रात्रीचे उठणे, हा सूर तिने वर्षानुवर्षे एकटीने धरलेला असतो. तो सुरेल चाललेला दिसतो म्हणून कोणी विचारत नाही, की तू श्वास कधी घेतेस? मग एक दिवस तिचा रक्तदाब वाढतो, पाठ धरते, झोप उडते, आणि घर म्हणते, “हे अचानक कसे झाले?”

बँडमधल्या मुलांना जे शिकवले जाते, ते घरानेही शिकावे. शेजाऱ्याने श्वास घ्यावा म्हणून आपण सूर धरायचा. आठवड्यातील एक दुपार मुलाने, एक संध्याकाळ भावाने, एक रात्र वेतन देऊन ठेवलेल्या मदतनिसाने घ्यावी आणि हे कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावावे. घरात दुसरे कोणीच नसेल, तर विद्यापीठाच्या वृंदाकडे पाहावे. तेथे प्रत्येक पंक्तीला एकच वादक असतो. म्हणूनच संगीतकार त्याच्या स्वरलेखनात विराम लिहून ठेवतो. त्या विरामात वादक वाद्य खाली ठेवतो आणि त्याला कोणी आळशी म्हणत नाही. आपणही दिवसातला एक तास तसाच लिहून ठेवा, आणि त्या तासासाठी शेजारच्या काकूंना हाक मारायला संकोचू नका.

कार्यक्रम संपल्यावर गाडीत नात विचारील, “आजी, कसे वाटले?” तिला सांगा, की छान वाटले. मग तिला म्हणा, “तुम्ही तो लांब सूर धरताना श्वास कसा घेता, ते मला शिकव.” आणि घरी पोहोचल्यावर, दिवसभर आपली औषधे आणि शाल सांभाळणाऱ्या सुनेला किंवा लेकीलाही विचारा, “या आठवड्यात तुझा विराम कोणता?”