घिरटाला दोन माणसे लागतात

संपादकमहाशयांनी मला राजापूर तालुक्यात धाडले ते, नवान्न पौर्णिमेचा सण एखाद्या शेतकऱ्याच्या घरी राहून पाहावा आणि त्यावर चार पाने प्रसन्न मजकूर लिहून द्यावा, एवढ्याच अपेक्षेने. आणि आश्विनातल्या त्या सकाळी, दवाने भिजलेल्या बांधावरून घरच्या थोरल्या भाऊंच्या मागोमाग चालताना, ही कामगिरी निर्विघ्न पार पडेल याविषयी माझ्याही मनात संदेह नव्हता. वरच्या खाचरांतले हळवे भात पिवळे होऊन कलले होते, खालच्या पाणथळ मळ्यातले गरवे अद्याप हिरवे होते. भाऊंनी विळ्याने मूठभर लोंब्या कापल्या, नाचणीचे एक कणीस घेतले, बांधावरचा कुरडू खुडला, आणि आंब्याच्या पानात हे सारे ठेवून दोऱ्याने त्याची जुडी वळली. या जुडीला इकडे ‘नवे’ म्हणतात. देव्हाऱ्याला, उंबऱ्यावरच्या चौकटीला, कणगीला, विहिरीच्या रहाटाला, आणि नांगराच्या जागी आलेल्या पॉवर टिलरच्या दांडीलाही एकेक नवे बांधले गेले.

घराण्याचा इतिहास भाऊंनी फडताळातल्या दफ्तरातून काढून दाखवला. हे खोताचे कूळ. पिकाचा हिस्सा खोताच्या वाड्यावर पोचता करावा आणि उरेल त्यात सण साजरा करावा, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडले, आणि १ एप्रिल १९५७ या ‘कृषकदिना’पासून कसणाऱ्या कुळांना मालकीचा हक्क मिळू लागला. ज्या वर्षी आपल्या भातावर दुसऱ्या कुणाचा हिस्सा उरला नाही, त्या वर्षी आजोबांनी वाडीतल्या प्रत्येक घरी नव्याची खीर पाठवली होती, असे भाऊ म्हणाले. आणि दफ्तर पुन्हा बांधून ठेवले.

माझे लक्ष मात्र त्या कागदांवरून उडून पडवीच्या कोपऱ्यातल्या एका वस्तूवर जाऊन बसले होते. ते घिरट, म्हणजे भात भरडण्याचे लाकडी जाते. खालची तळी जमिनीत घट्ट रोवलेली, वरची खुंट्यावर फिरणारी, आणि दोहोंच्या समोरासमोरच्या अंगांवर मध्यापासून काठापर्यंत पसरलेल्या खाचा. दगडी जात्याचे काम दाण्याचे पीठ करणे. घिरटाचे काम त्याहून नाजूक, कारण त्याने दाण्याच्या अंगावरचे तूस तेवढे सोडवायचे आणि दाणा अखंड ठेवायचा. दोन तळ्यांतले अंतर रेसभर कमी झाले तर कणी पडते, रेसभर जास्त झाले तर भात जसे आत जाते तसेच बाहेर येते. आणि हे अंतर राखण्याचे एकमेव साधन म्हणजे खुंट्यावर घातलेली जुन्या लुगड्याची चिंधी.

ही चिंधी लावण्याचा अधिकार भाऊंच्या आईचा. वयाची नव्वदी ओलांडलेल्या या बाई, चार दिवसांपूर्वी झोडून खळ्यावर वाळवलेल्या भाताचा एक दाणा दाताखाली धरून त्यातली ओल अजमावत, चिंधीचा एक वेढा कमी करीत, मूठभर भात घालून दोन फेरे देत, आणि सुपातले तांदूळ उजेडात धरून पुन्हा चिंधीकडे हात नेत. असे चार वेळा झाले. वर्षाचे बाकीचे भात गिरणीत जाते, पण नव्याच्या खिरीचा तांदूळ घरच्या घिरटाचाच, हा त्यांचा दंडक. अखेर चिंधी जमली. परंतु घिरट सुरू होईना, कारण त्याच्या दांड्याला समोरासमोर बसणारी दोन माणसे लागतात, आणि भाऊंच्या खांद्याने यंदा संप पुकारला होता. म्हातारीने माझ्याकडे पाहिले. “एकल्यान घिरट फिरत नाय,” त्या म्हणाल्या, आणि मी वही मिटून समोर बसलो.

त्या तासाभरात मला जे समजले त्यापुढे प्रसन्न मजकुराचा संकल्प टिकला नाही. या जमिनीच्या सातबाऱ्यावर तेवीस नावे आहेत आणि घरात राहतात तिघे: म्हातारी, भाऊ आणि वहिनी. बाकीचे वीस मुंबईपासून विरार-डोंबिवलीपर्यंत पांगलेले. गणपतीला आणि शिमग्याला त्यांच्याने घर भरून जाते, पण नवान्नाला कुणी येत नाही, कारण कॅलेंडरात या दिवसाला सुट्टीचा लाल रंग नाही. सहहिस्सेदारांची संमती लागते म्हणून नुकसानभरपाईचा अर्ज रखडतो, आणि नुकसान तर आता जणू ठरलेलेच. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस क्यार वादळाच्या पावसाने कोकणात कापलेले भात शेतातच भिजवले, तेव्हा याही खळ्यावर लोंब्यांना मोड आले होते. परतीचा पाऊस नेमका हळव्याच्या कापणीवर येतो. तो चुकला तर रानडुकरे, ती चुकली तर वानरे. वरची चार खाचरे गेली तीन वर्षे पड आहेत. लावणीला माणूस मिळत नाही आणि मिळालाच तर त्याची मजुरी पिकाच्या किमतीत निघत नाही.

रात्री चांदण्यात अंगणात पाट मांडला गेला. कोजागरीला ज्येष्ठ अपत्याला ओवाळतात, त्याला आश्विनी म्हणतात. त्या प्रथेप्रमाणे नव्वदीच्या आईने सत्तरीच्या मुलाला ओवाळले, आणि नारळाच्या रसातली, गूळ घातलेली, नव्या तांदळाची खीर त्यांच्या हाती दिली. खिरीत कणी फारशी नव्हती. जी होती ती माझ्या हातची, हे म्हातारीने सर्वांसमक्ष सांगितले.

कोकणातल्या एखाद्या सातबाऱ्यावर ज्यांचे नाव आहे, अशा वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते की, हिश्शाचा विचार करताना या पडवीतल्या घिरटाच्या दुसऱ्या बाजूचाही विचार व्हावा. आश्विनी पौर्णिमेला एका दिवसाची रजा पुरते, आणि रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते.