धोब्याची खूण आणि बाबांचं बिल

आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे संपादक मंडळातली मैत्रीण "तुझ्या सेमिनारच्या विषयावरच मराठीत लिही" म्हणाली, तेव्हा पहिला प्रश्न पडला की 'डॉक्युमेंट'ला मराठीत म्हणतात काय? आईला फोन केला. ती म्हणाली, "दस्तऐवज. पण तू आपलं कागद म्हण, सगळ्यांना कळेल." तेव्हा मित्रमैत्रिणींनो, या लेखात मी कागदच म्हणणार आहे.

विषय असा, की मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कागद आणि नोंद एकमेकांना कशी जोडतात. झोप आली ना? मलाही आली असती. पण त्याआधी आपल्या धोबीकाकांची गोष्ट ऐका.

फर्स्ट इयरला मी नवा कोरा वर्कशॉप ॲप्रन आणला. धोबीकाका कॉलरच्या आत काळ्या शाईने खोलीचा नंबर घालू लागले, तर मी चक्क नाही म्हटलं. नव्या ॲप्रनवर डाग कशाला? पुढच्या आठवड्यात ॲप्रन गायब! महिनाभर दुसरीचा मागून वर्कशॉप केलं. शेवटी तो सापडला कुठे, तर काकांच्याच गाठोड्यात. हरवला नव्हताच. काकांच्या वहीत 'बी-२१४ : ॲप्रन १' अशी नोंद होती आणि गाठोड्यात ॲप्रनही होता. पण हाच तो ॲप्रन, हे सांगणारी खूण नव्हती.

ही गोष्ट मी विसरून गेले होते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ती पुन्हा आठवली.

माझ्या बाबांचं कुपवाड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, चार कामगार. एका मोठ्या कंपनीला ते बुश पुरवतात. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. ऑगस्टमध्ये बाबांनी २०० बुश पाठवले. ४२५ रुपयांचा एक, म्हणजे ८५,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी १५,३०० रुपये. एकूण बिल १,००,३०० रुपयांचं. दिवाळी आली तरी पैसे नाहीत. कामगारांचा बोनस द्यायचा होता, माझ्या हॉस्टेल फीचा दुसरा हप्ता भरायचा होता. आणि गंमत म्हणजे पैसे हातात आले नसले तरी त्या बिलाचा जीएसटी पुढच्या महिन्यात सरकारला भरावा लागलाच होता!

मी बाबांबरोबर त्या कंपनीच्या अकाउंट्सला गेले. तिथल्या मॅडमनी स्क्रीन उघडून दाखवला. ऑर्डर २०० ची, बिल २०० चं, पण स्टोअर्सची माल मिळाल्याची नोंद २० ची! कोणीतरी एक शून्य कमी टाइप केलं होतं. ऑर्डर, माल आणि बिल हे तिन्ही आकडे जुळले नाहीत तर सिस्टिम पेमेंट थांबवते. ते बरोबरच आहे. नाहीतर कोणीही उठून कितीचंही बिल लावेल.

"मग चलन बघा ना मॅडम," बाबा म्हणाले. "गेटचा शिक्का आहे, स्टोअर्सची सही आहे, दोनशे लिहिलेलं आहे."

बाबांची प्रत टेम्पोवाल्याच्या खिशात पावसात भिजली होती. शिक्क्याचा नुसता निळा डाग उरला होता. कंपनीची प्रत त्याच दिवशी स्कॅन झाली होती. पण कुठे? एका सामाईक फोल्डरमध्ये हजारो फाइली आणि त्यांची नावं स्कॅन-०४१७, स्कॅन-०४१८ अशी मशीनने दिलेली.

मॅडम म्हणाल्या, "कागद आहे हो साहेब. पण तो कुठल्या नोंदीचा, ते कोणी लिहूनच ठेवलेलं नाही."

मला माझा ॲप्रन आठवला.

नोंद वेगळी, कागद वेगळा

सुट्टी संपवून परत आले आणि सेमिनारला हाच विषय घेतला. उदाहरण सॅपचं घेते, कारण आपले किती तरी सीनियर त्यावर काम करतात. आयबीएम सोडून बाहेर पडलेल्या पाच इंजिनिअरांनी १९७२ साली जर्मनीत ही कंपनी काढली. बाबांच्या बाबतीत झालं त्यात दोष कुठल्याच सॉफ्टवेअरचा नव्हता, हेही स्पष्ट करते.

अशा सॉफ्टवेअरमध्ये नोंद म्हणजे टेबलमधली ओळ. कोणाकडून, किती, कधी, कितीला. कॉम्प्युटरला हे समजतं, त्याची बेरीज करता येते. कागदाचा स्कॅन म्हणजे नुसतं चित्र. शिक्का, सही, वॉचमनने पेनाने लिहिलेली वेळ त्यात असते. नोंद सांगते काय झालं, आणि कागद सांगतो ते कशावरून. दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही, पण राहतात मात्र वेगवेगळ्या घरी.

त्यांना जोडायचे मुख्य तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग आपल्या ई-मेलसारखा. नोंद उघडायची, मेनूतून फाइल जोडायची, झालं. सोपं आहे. पण ती फाइल सहसा मुख्य डेटाबेसमध्येच जाऊन बसते आणि डेटाबेस फुगत जातो. शिवाय हे चलन आहे, बिल आहे की कोणाचं पत्र, हे सिस्टिमला कळत नाही. फाइलला नाव देणारे आपल्यासारखेच! 'फायनल', 'फायनल-२', 'फायनल-खरं'.

दुसरा मार्ग म्हणजे आर्काइव्हलिंक. यात स्कॅन वेगळ्या सर्व्हरवर ठेवतात आणि मुख्य डेटाबेसमध्ये फक्त एक छोटी ओळ टाकतात. नोंद कुठल्या प्रकारची, नोंदीचा नंबर काय, कागद कुठल्या प्रकारचा, कुठल्या भांडारात आहे आणि तिथे त्याचा नंबर काय, एवढंच त्या ओळीत असतं. हीच आपली धोब्याची खूण. नोंद उघडून बटण दाबलं की सॅप ही ओळ वाचतं आणि भांडारातून नेमका तोच कागद आणून समोर ठेवतं.

यात एक बारीक गोष्ट मला फार आवडली. हिशेबाच्या नोंदीचा पूर्ण नंबर १८ अक्षरी असतो. ४ कंपनीचा कोड, १० नोंदीचा क्रमांक आणि ४ आर्थिक वर्ष. वर्ष कशाला? कारण क्रमांक दर वर्षी पहिल्यापासून सुरू करता येतात. नुसता क्रमांक लिहिला तर कागद गेल्या वर्षीच्या नोंदीला चिकटायचा! आपल्याकडेही बी-२१४ मध्ये दर वर्षी नवी मुलगी येते. धोबीकाका म्हणूनच जूनमध्ये जुनी खूण खोडून नवी घालतात.

तिसरा मार्ग बदलणाऱ्या कागदांसाठी आहे. बिल एकदा आलं की बदलत नाही. पण ड्रॉइंग बदलतं. आज बोअर इतका, पुढच्या महिन्यात थोडा जास्त. मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको. इथे सॅपमध्ये कागदाचीच एक स्वतंत्र नोंद करतात. तिला प्रकार, क्रमांक, भाग आणि आवृत्ती असते, आणि मग ती मालाच्या नोंदीला जोडतात. एकच ड्रॉइंग अनेक वस्तूंना जोडता येतं. नवी आवृत्ती आली तरी जुनी जागेवर राहते, म्हणजे मागचा लॉट कुठल्या ड्रॉइंगवर केला ते सांगता येतं.

खूण घालायची कधी?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. नंतर निवांत जोडू म्हटलं की संपलं. म्हणून बारकोडची एक छान युक्ती वापरतात. कागद टेबलावर आला की त्यावर बारकोडचं स्टिकर लावायचं. क्लार्क नोंद करताना सिस्टिम बारकोड विचारते, तो तिथे टिपून घ्यायचा. आता सिस्टिमला कळलं की हा बारकोड या नोंदीचा. कागद मग स्कॅनिंगला जातो. तिथलं मशीन चित्रातला बारकोड वाचून कळवतं की हा बारकोड या फाइलचा. दोन्ही अर्धे निरोप जुळले की जोडणीची ओळ आपोआप तयार होते.

एकच निरोप आला तर? तो यादीत वाट बघत थांबतो. ती यादी रोज कोणीतरी बघावी लागते. कुठे कागद स्कॅनिंगलाच गेला नाही, कुठे नोंदच झाली नाही, हे तिथे उघडं पडतं. फोल्डरमध्ये पडलेल्या स्कॅन-०४१७ ला अशी यादी नसते. तो हरवलाय हे कोणाला कळतच नाही.

सेमिनारमध्ये एकाने विचारलं, "आता कॉम्प्युटर स्कॅनमधला मजकूर वाचतो, मग खूण कशाला?" प्रश्न चांगला होता. मजकूर वाचून कागद शोधायला मदत नक्की होते. पण त्याच पुरवठादाराची, त्याच मालाची, तेवढ्याच नगांची चार चलनं असली तर? शिक्का पुसट आणि आकडा हाताने लिहिलेला असला तर? अशा वेळी तो अंदाज बांधेल. जोडणी म्हणजे अंदाज नव्हे, ज्याच्या हातात कागद होता त्याने त्याच वेळी दिलेली साक्ष आहे.

अर्थात ती साक्षही चुकू शकते. चुकीच्या नोंदीला कागद जोडला तर तो न जोडल्यापेक्षा वाईट, कारण मग कोणी शोधतही नाही.

आणि हे सगळं फार काळ टिकावं लागतं. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं व्हाउचरांसकट ८ आर्थिक वर्षं जपायची असतात. जीएसटी कायद्यात त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांगितले आहेत. तोवर फोल्डर बनवणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

बाबांच्या बिलाचं काय झालं?

गेटच्या इनवर्ड रजिस्टरमध्ये वॉचमनने टेम्पोचा नंबर आणि तारीख लिहिली होती, १२ ऑगस्ट. मॅडमनी त्या तारखेचे ६४ स्कॅन एकेक करून उघडले. एक्केचाळिसावा आमचा निघाला. शिक्का स्पष्ट, सही स्पष्ट, आकडा २००. मॅडमनी तो तिथल्या तिथे नोंदीला जोडला. मोजून दोन मिनिटं लागली. ही दोन मिनिटं १२ ऑगस्टला कोणाकडे नव्हती, आणि बाबांचे अडीच महिने गेले.

स्टोअर्सने उरलेल्या १८० ची नोंद केली आणि अकरा दिवसांनी पैसे आले. बोनस दिवाळीनंतर वाटला.

एक गोष्ट मला नंतर वाचताना कळली. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. पण माल स्वीकारला कधी? १८० ची नोंद बघाल तर दिवाळीत. चलनाचा शिक्का बघाल तर १२ ऑगस्टला. खरी तारीख सांगणारा तो एकच कागद होता, आणि तो तब्बल अडीच महिने बेवारस पडला होता.

तुमच्यातले बरेच जण उद्या हीच सॉफ्टवेअर बसवायला जातील. क्लायंट म्हणेल, "कागद जोडायची सोय दुसऱ्या फेजमध्ये बघू, आत्ता आकडे चालू करा." तेव्हा त्या स्क्रीनच्या पलीकडे कोणाचे तरी बाबा भिजलेलं चलन घेऊन बसलेत, एवढं आठवा.

आणि ऑफिसमधल्या काकांनो आणि मॅडम, हॉस्टेल डिपॉझिटच्या पावत्यांवर आमचा पीआरएन नंबर घालता का प्लीज? दर वर्षी मे महिन्यात लागणारी रांग निम्मी होईल.

राहता राहिला माझा ॲप्रन. आता त्याच्या कॉलरला ठसठशीत काळी खूण आहे. दिसायला चांगली नाही, पण ॲप्रन दर शनिवारी न चुकता माझ्याच दारात येतो.

– तृतीय वर्ष, कॉम्प्युटर