बाल्कनीतली येळवस

परदेशात दिवाळीचं टेन्शन आता कुणालाच नसतं. चकलीपासून अनारशापर्यंत सगळं पॅकेटात मिळतं, मंडळाचा प्रोग्रॅम असतो, नवा कुर्ता घालून फोटो काढले की झाली दिवाळी! माझं घोडं अडतं ते डिसेंबरात. कारण मी सोलापूरजवळच्या कुंभारीची, आणि आमच्याकडे मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. सोलापूर, धाराशिव, लातूरकडचा हा शेतातला सण. शेतात कडब्याची खोप करायची, आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव, म्हणजे पाच दगड, पुजायचे, पिकावर आंबील शिंपडायची आणि मग पंगत. मेन्यू फिक्स: भज्जी, बाजरीचे उंडे, तीळ लावलेली भाकरी, गव्हाची खीर, आंबील. भज्जी म्हटल्यावर कांदाभजी डोळ्यांसमोर आणू नका हं! ओली तूर, हरभरा, वाटाणा, शेंगदाणे, मेथी, पालक, चुका असं शेतात येईल ते सगळं डाळीच्या पिठात, चिंचेच्या कोळात एकत्र शिजवायचं.

म्युनिकला आले त्या वर्षी एकटीसाठी करून पाहिली. पण वाटीभर भज्जी होतच नाही. पातेलंभर झाली, चार दिवस खाल्ली आणि चौथ्या दिवशी रडू आलं.

जर्मन माणसं मात्र सीझनची जाम पक्की. पांढरं अ‍ॅस्परॅगस इथे वसंतात येतं आणि परंपरेने 24 जूनला त्याचा सीझन संपतो. ख्रिसमसआधी घरोघरी कुकीज भाजून डबे वाटतात, अगदी आपल्या फराळासारखे. मी सगळं ट्राय केलं, सगळ्यांचे डबे खाल्ले. माझ्या सीझनचं मात्र कुणाला काहीच दिलं नव्हतं.

2024च्या नोव्हेंबरात आईचा फोन आला. ‘यंदा शेतात जात नाही बघ. तुम्ही पोरं तिकडं. दोघांसाठी एवढं कोण रांधतंय? घरीच निवद दाखवू की.’ मागून अण्णांचा आवाज नाही. अण्णा गप्प म्हणजे मामला सीरियस. मी म्हटलं, ‘मी इथे करते, तुम्ही तिथे करा. डील?’

येळवस आली 30 डिसेंबरला. सोमवार होता, पण ख्रिसमस आणि न्यू इयरमधला, म्हणजे ऑफिस बंद. फ्रोझन तूर आणि वाटाणा मिळाला, ओल्या हरभऱ्याऐवजी हिरवे चणे भिजवले, चुका नाही म्हणून चिंच वाढवली. आंबिलीने मात्र घाम काढला. ज्वारीचं पीठ ताकात कालवून ठेवलं, पण थंडीत आंबेचना. शेवटी भांडं रात्रभर हीटरपाशी. सकाळी घरभर तोच वास, कुंभारीच्या स्वयंपाकघराचा! इझार नदीकाठचे पाच दगड धुऊन, तांदळाच्या पिठाने पांढरे करून बाल्कनीत मांडले. नऊ जण जेवायला आले. कुंड्यांत आंबील शिंपडताना टीममेटने विचारलं, ‘आधी झाडांना का?’ म्हटलं, ‘पिकवतं कोण?’

आमचे बारा, तिकडचे साडेचार वाजले होते. व्हिडिओ कॉल लावला. खोप दिसली, अण्णा दिसले आणि मागे ही मोठी पंगत!

कुंभारीचं नाव पेपरात येतं ते कामगारांच्या वसाहतींमुळे. 2006 साली विडी कामगारांची दहा हजार घरं झाली, मग रे नगर. तिथल्या पंधरा हजार घरांचं हस्तांतरण 19 जानेवारी 2024ला झालं. अण्णांनी तिथल्याच चार घरांना बोलावलं होतं. घर मिळालं, पण शेत नाही अशी माणसं. तसंही ज्याला शेत नाही त्याला येळवसला बोलवायचं, ही आमच्याकडची जुनीच रीत.

आई पदराला हात पुसत म्हणाली, ‘भज्जी पुरली नाही गं!’ इतकी खूश तिला मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

फोन ठेवला आणि पुढच्या रजेचा अर्ज दिवाळीऐवजी येळवसच्या तारखेला टाकला: 19 डिसेंबर 2025.