मनगटी घड्याळास वेल्क्रोचा पट्टा

गोष्ट गेल्या पावसाळ्यांतील आहे. दहावीच्या वर्गांतील आमचा एक विद्यार्थी डोंबिवलीहून आगगाडीनें ठाण्यास शाळेसाठीं येत असे. एके दिवशीं तो वर्गांत शिरला तो मूठ मिटूनच. मुठींत त्याचें घड्याळ होतें. कांचेस तडा गेला होता आणि चामड्याचा पट्टा फाटून लोंबत होता. हें घड्याळ त्याच्या वडिलांचें. आणि वडील दोन वर्षांपूर्वीं निवर्तले होते. मनगट बारीक, म्हणून त्यानें कंपासाच्या टोंकानें पट्ट्यास एक जास्तीचें भोंक पाडलें होतें. पावसानें व घामानें मऊ झालेलें चामडें नेमकें तेथेंच फाटलें, आणि गर्दींतून उतरतांना घड्याळ फलाटावर पडलें. “सर, आई आतां हें पुन्हां कपाटांत ठेवील,” एवढेंच तो म्हणाला.

घड्याळजीनें नवी कांच बसविली, आणि पट्टा आम्हीं बसवून दिला. तो चामड्याचा नव्हे, तर वेल्क्रोचा, म्हणजे कापडी व एकमेकांस चिकटून बसणारा. असला पट्टा कसा धरून राहतो व कसा बसवावा, हें आमच्या इतर विद्यार्थ्यांसही ठाऊक असावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम, तो धरतो कशानें तें पाहूं. पावसाळा सरतां सरतां ठाण्याजवळ येऊरच्या रानांत फिरून आलेल्यांच्या मोज्यांस व धोतरांस नाना प्रकारचीं बोंडें चिकटलेलीं असतात. त्यांत लांडगा नांवाच्या झुडपाचीं काटेरी फळें असलीं, तर तीं झटकून निघत नाहींत. कारण त्यांचे कांटे सरळ नसून टोंकाशीं वळलेले असतात, व ते कापडाच्या धाग्यांत अडकतात. असल्याच एका फळानें स्वित्झर्लंडमधील जॉर्ज द मेस्त्राल या अभियंत्यास विचार करावयास लाविलें. 1941 सालीं आल्प्स पर्वतांतून परततांना त्याच्या कपड्यांस व कुत्र्याच्या केसांस हीं बोंडें चिकटलीं. त्यानें तीं सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरून पाहिलीं, तों प्रत्येक कांट्याच्या टोंकास आंकडा दिसला. पुढें बरीच वर्षें खटपट करून त्यानें नायलॉनच्या दोन पट्ट्या तयार केल्या. एकीवर बारीक फांसे, तर दुसरीवर बारीक आंकडे. फांसे विणून, उष्णतेनें ताठ करून, मग एका बाजूनें कापले कीं त्यांचेच आंकडे होतात. 1955 सालीं त्यास अमेरिकेंत या युक्तीचें पेटंट मिळालें. मखमल व आंकडा या अर्थाच्या दोन फ्रेंच शब्दांच्या आद्याक्षरांवरून वेल्क्रो हें नांव पडलें.

एक आंकडा फारच दुबळा. परंतु शेंकडों आंकडे एकदम धरूं लागले म्हणजे पट्टा ओढून निघत नाहीं. मात्र एक भेद लक्षांत ठेवावा. पट्टा लांबीच्या दिशेनें ओढला, तर सर्व आंकडे एकाच वेळीं प्रतिकार करतात. टोंक धरून वर उचललें, तर एका वेळीं एकच ओळ सुटते, व पट्टा सहज उघडतो. मनगटावर ताण पडतो तो लांबीच्या दिशेनें. उघडतांना आपण उचलतों तें टोंक. या पट्ट्याचें सारें शहाणपण एवढ्यांतच आहे. शिवाय यास भोंकें नसल्यामुळें तो हव्या त्या ठिकाणीं थांबतो. वाढत्या वयाच्या मनगटास हें विशेष सोयीचें होय. 1969 सालीं चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांनीं जाड पोशाखाच्या बाहीवरून घड्याळ बांधलें, तें असल्याच लांब पट्ट्यानें.

आतां बसविण्याची रीत सांगतों. घड्याळाच्या चकतीस वर व खालीं दोन दोन कान असतात, व त्यांच्या मध्यें स्प्रिंगची बारीक दांडी असते. घड्याळजी हिला पिन म्हणतात. घड्याळ मऊ रुमालावर उपडें ठेवावें. दोन कानांमधील आंतील अंतर मोजपट्टीनें मोजावें. तें बहुधा 18, 20 किंवा 22 मिलिमीटर असतें. तितक्याच रुंदीचा पट्टा घ्यावा. रुंद घेतल्यास तो चुरगळतो, अरुंद घेतल्यास घड्याळ सरकतें. जुना पट्टा काढतांना पिनेवर बोट धरावें, नाहीं तर ती उडून हरवते. ही कला साधत नसेल, तर घड्याळजीकडून पट्टा काढवून घेण्यांत कमीपणा नाहीं. मग पिना परत कानांत बसवाव्या, आणि हलकेंच ओढून पाहून त्या भोंकांत नीट बसल्याची खात्री करावी.

सबंध एकसंध पट्टा असेल, तर त्याचें कडें बारा आंकड्याच्या बाजूस येईल असा धरून मोकळें टोंक त्या बाजूच्या पिनेमागून खालीं ओवावें, घड्याळाच्या पाठीखालून न्यावें, आणि सहा आंकड्याच्या बाजूच्या पिनेमागून वर काढावें. मनगटाभोंवतीं फिरवून टोंक कड्यांतून ओढावें, उलट वळवावें, व पट्ट्यावरच दाबावें. या रीतीचा मोठा लाभ असा, कीं एक पिन निसटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेला लटकून राहतें. कल्याण-डोंबिवलीच्या सकाळच्या गाडीनें प्रवास करणारास याचें महत्त्व वेगळें सांगावयास नको. टोंक मात्र शेवटपर्यंत दाबून बसवावें. उचललेलें टोंक शेजाऱ्याच्या दप्तरांत अडकलें, तर पट्टा त्याच बाजूनें सुटूं लागतो. पट्ट्याखालीं एक बोट कसेंबसें जाईल इतकाच तो आवळावा.

निगाही राखली पाहिजे. आंकड्यांत धागे व केंस सांचले कीं पकड जाते. ते सुईनें किंवा जुन्या दांतांच्या ब्रशानें काढावे. घाम मुरला कीं कापडास वास येतो. म्हणून घड्याळावरून काढून, बंद करून, साबणाच्या कोमट पाण्यांत धुवावा व सावलींत वाळवावा. लोंकरीच्या कपड्यास व आईच्या रेशमी साडीस आंकडे लागूं देऊं नयेत. आणि परीक्षेच्या दालनांत तो उघडझांप करूं नये; त्याचा चर्र आवाज सर्वांचें लक्ष वेधतो! कालांतरानें फांसे झिजतात. पट्टा दाबूनही आपोआप सुटूं लागला, कीं त्याचें आयुष्य संपलें असें समजून तो बदलावा. घड्याळाच्या मानानें पट्टा स्वस्त असतो.

पालकांसही एक विनंती आहे. पुष्कळ घरांतून वडिलांचें किंवा आजोबांचें घड्याळ कपाटांत बंद पडलेलें असतें. “मूल हरवील” हें भय खोटें नाहीं; परंतु पुष्कळदां दोष मुलाचा नसून पट्ट्याचा असतो. योग्य पट्टा बसवावा, तो कसा आवळावा तें शिकवावें, आणि घड्याळ मुलाच्या हातीं द्यावें.

त्या विद्यार्थ्याच्या मातोश्री पुढें पालकसभेस आल्या तेव्हां त्यांनीं प्रथम मुलाचें मनगट धरून पट्टा स्वतः ओढून पाहिला. तो सुटला नाहीं. परीक्षेच्या दिवशीं तें घड्याळ बाकावर, उत्तरपत्रिकेच्या शेजारीं, नीट चाललें होतें.