कोणत्या नळाला कोणते पाणी?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका सोमवारी सकाळी माझ्या दवाखान्यात जुलाबाचे पाच रुग्ण आले. त्या दिवसांत यात नवल ते काय? परंतु चौथ्या रुग्णाचा पत्ता लिहिताना माझा हात थांबला. चौघेही एकाच गृहसंकुलातील एकाच इमारतीचे रहिवासी होते. पाचवे होते तिथलेच अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा. रक्तदाब आणि मधुमेह जुना, जीभ कोरडी, नाडी जलद, आदल्या रात्रीपासून लघवी जेमतेम एकदा. त्यांना त्याच दिवशी रुग्णालयात दाखल करावे लागले आणि मूत्रपिंडांचे काम पूर्ववत होण्यास आठवडा लागला.

उलगडा दोन दिवसांनी झाला. गच्चीवरील गळती दुरुस्त करताना प्लंबरने फ्लशच्या टाकीची वाहिनी ताज्या पाण्याच्या वाहिनीला जोडली होती. आजोबांच्या स्वयंपाकघरात शुद्धीकरण यंत्र होते. ते मात्र कवळी बेसिनच्या नळाखाली धुऊन तशीच तोंडात बसवीत.

संकुलाची सभा भरली तेव्हा सांडपाणी प्रक्रिया केंद्रच बंद करावे, असा सूर निघाला. मला तो पटला नाही. आपल्याकडे शहरी घरासाठी माणशी दररोज १३५ लिटर पाण्याचा हिशेब धरतात. त्यांतील ४५ लिटर केवळ फ्लशसाठी असतात. धरणातून आणून, शुद्ध करून, गच्चीवर चढवलेले पाणी असे वाहून देणे कोणत्याही शहराला परवडणारे नाही. नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जाते. नामिबियाची राजधानी विंडहूक तर १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून पिण्यासाठी वापरते. अर्थात तिथे ओझोन, सक्रिय कार्बन, सूक्ष्म गाळण असे अडथळ्यांमागून अडथळे रचलेले आहेत. आपल्या संकुलातील केंद्रात साधारणतः हवा देऊन वाढवलेले जिवाणू घाण खातात, मग गाळण आणि क्लोरीन. ते पाणी फ्लशला आणि बागेला योग्य, तोंडाला नव्हे. दोष पाण्याचा नव्हता, जोडणीचा होता.

म्हणून आपल्या घरी एक चाचणी करवून घ्यावी. प्रक्रिया केलेल्या पाण्याच्या टाकीत गडद खाद्यरंग मिसळून फ्लश ओढावेत, मग घरातील प्रत्येक नळ थोडा वेळ वाहू द्यावा. रंग फक्त कमोडमध्ये दिसायला हवा. कमोडशेजारच्या जेटचा नळ आवर्जून पाहावा. शरीरशुद्धीला ताजेच पाणी हवे. घरातील नळजोडणीला हात लागला, की ही चाचणी पुन्हा करावी. अंथरुणावरील रुग्णाचे अंग पुसणाऱ्या किंवा मूत्रनलिकेची निगा राखणाऱ्या काळजीवाहकाला कोणत्या नळाचे पाणी घ्यायचे, हे पहिल्याच दिवशी दाखवावे. केंद्रातील गाळाचे खत फुलझाडांना घालण्यास हरकत नाही, पण हातमोजे घालून. कच्ची खायची कोथिंबीर, पुदिना त्यापासून दूर ठेवावेत. उरलेली औषधे कमोडमध्ये टाकण्याची सवयही सोडावी, कारण असे केंद्र औषधे पूर्णपणे काढू शकत नाही.

आता वृद्धांविषयी. उतारवयात तहान कमी जाणवते, त्यामुळे जुलाब लागले तरी 'मला तहान नाही' हे आजी-आजोबांचे उत्तर प्रमाण मानू नये. जलसंजीवनीचे मोठे पाकीट बरोबर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून घोटघोट पाजावे. साखरेच्या भीतीने मधुमेही ते टाळतात. जुलाबात तसे करू नये, रक्तातील साखर मात्र तपासत राहावे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास किती द्यावे, ते आपल्या डॉक्टरांना विचारावे. लघवी वाढवणाऱ्या, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या अशा वेळी तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. तोही निर्णय स्वतः न घेता फोन करून विचारावा. ग्लानी, असंबद्ध बोलणे, सहा-आठ तास लघवी न होणे किंवा शौचातून रक्त दिसल्यास घरी थांबू नये.

एकाच इमारतीत दोन-तीन घरी जुलाब दिसले, तर शेजाऱ्यांना विचारा आणि डॉक्टरांना ते सांगा. मला ते पत्त्यावरून, योगायोगाने कळले.

आजोबा हल्ली कवळी पिण्याच्या पाण्याने धुतात. दर सहा महिन्यांनी रंगाची चाचणी असते, तेव्हा ते काठी टेकत प्लंबरच्या मागे घरोघर फिरतात.